खुर्ची, धर्म आणि मराठी : धाराशिवच्या २०२० च्या साहित्य संमेलनामागचा इतिहास

१.
१० जानेवारी २०२०. तेव्हा उस्मानाबाद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या धाराशिवात ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सुरू झाले. अध्यक्षस्थानी होते वसईचे कॅथलिक धर्मगुरू, लेखक आणि पर्यावरण चळवळीतले कार्यकर्ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ख्रिस्ती व्यक्तीला हा मान प्रथमच मिळत होता. त्यांची निवड जाहीर झाली आणि लगेचच तिला विरोधही सुरू झाला.

२.
हा विरोध कशासाठी होता? आयोजक त्यापुढे का नमले नाहीत? आणि ख्रिस्ती लेखकाला त्या खुर्चीपर्यंत पोहोचायला १४२ वर्षे का लागली? या प्रश्नांच्या मागे जाताना मराठीच्या इतिहासाची चार शतके ओलांडावी लागतात. त्या वाटेवर गोव्यातला एक छापखाना लागतो, अहमदनगरचे एक नियतकालिक लागते, पुण्यातल्या एका शाळकरी मुलीचा निबंध लागतो आणि जोतीराव फुल्यांचे एक नकारपत्रही लागते.

३.
आधी स्थळाविषयी. धाराशिव हे गावाचे जुने नाव. निजामाच्या राजवटीत शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून त्याचे उस्मानाबाद झाले आणि २०२३ साली जुने नाव अधिकृतपणे परत आले. याच जिल्ह्यात तुळजापूरची भवानी आहे, नळदुर्ग आणि परांड्याचे किल्ले आहेत आणि तेरणा नदीच्या काठी तेर हे प्राचीन गाव आहे.

४.
तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे शहर म्हणून तगरचा उल्लेख येतो. इथले कापड भडोचच्या बंदरात जाई आणि तिथून समुद्रापार पोहोचे. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि इटलीतल्या पाँपेई शहराच्या अवशेषांत सापडलेली भारतीय बनावटीची मूर्ती यांतले साम्य अभ्यासकांना सुपरिचित आहे. दूरदेशीचे पाहुणे या भूमीला नवे नव्हते.

५.
तेरची दुसरी ओळख संत गोरोबाकाकांची. नामदेव-ज्ञानेश्वरांच्या संतमेळ्यातला हा वडीलधारा कुंभार. थापटण्याने प्रत्येकाचे डोके थोपटून कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे हे त्यांनी सांगितले, ही आख्यायिका मराठी घरांत आजही सांगितली जाते. पंडितांच्या सभेत ज्याला जागा मिळाली नसती, असा कुंभार संतांच्या सभेत परीक्षक झाला, हे तिचे मर्म. २०२० च्या संमेलननगरीला याच गोरोबाकाकांचे नाव देण्यात आले होते.

६.
आता चार शतके मागे. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी इथल्या भाषा आत्मसात केल्या आणि मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली राशोल येथे छापून निघाले. देवनागरीचे खिळे हाताशी नसल्याने मजकूर रोमन लिपीत छापावा लागला. दहा हजारांहून अधिक ओव्यांच्या या ग्रंथात येशूची कथा मराठी पुराणाच्या घाटात येते आणि मराठी भाषेची मनमोकळी स्तुतीही येते.

७.
या कथेची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. ‘ख्रिस्तपुराण’ ज्या गोव्यात छापले गेले, त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन हे धर्मन्यायालय काम करत होते. मंदिरे पाडली गेली होती आणि परंपरागत विधींवर बंदी होती. पुढे १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. एका धर्मगुरूने जिच्यावर जीव लावला, त्या लोकभाषेवर त्याच धर्माच्या राजसत्तेने घाव घातला. पुढच्या काळातल्या संशयाची मुळे काही अंशी या इतिहासात आहेत.

८.
वसईचा इतिहास याच सत्तेशी जोडलेला आहे. १५३४ पासून वसई पोर्तुगिजांकडे होती. १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली. राज्यकर्ते गेले, पण तिथला ख्रिस्ती शेतकरी, कोळी आणि कारागीर आपल्या जागीच राहिला, कारण तो मुळात इथलाच होता. त्याच्या घरात सामवेदी, वाडवळी अशा मराठीच्याच बोली बोलल्या जात आणि शेतात केळी, पानवेली आणि भाजीपाला पिके. दिब्रिटो यांचे नंदाखाल हे गाव याच पट्ट्यातले.

९.
एकोणिसाव्या शतकात चित्र पालटले. विल्यम कॅरी यांनी श्रीरामपूरहून १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले. १८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईत आले आणि १८३१ साली त्यांनी अहमदनगरात काम सुरू केले. तिथून १८४२ साली ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागले. धर्मप्रसार हा त्याचा उघड हेतू होता आणि हिंदू धर्मावरची त्याची टीका अनेकदा कठोर असे. तरीही त्याच्या पानांवर अशा काही व्यक्तींना जागा मिळाली, ज्यांना त्या काळी इतरत्र ती मिळणे कठीण होते.

१०.
अहमदनगरात सिंथिया फरार या अमेरिकन शिक्षिका मुलींच्या शाळा चालवीत. त्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांच्या मनात मुलींच्या शिक्षणाचा विचार पक्का झाला. जोतीराव स्वतः पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. १८४८ साली त्यांनी आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. दोघांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही. मात्र मिशनच्या शाळांतून आलेला समतेचा विचार त्यांनी पारखून घेतला आणि आपल्या कामात उतरवला.

११.
फुले यांच्या शाळेतली मुक्ता साळवे ही मांग समाजातली मुलगी. वय सुमारे चौदा. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ने दोन भागांत छापला. ज्यांना धर्मग्रंथ वाचण्याचाही अधिकार नाही, त्यांचा धर्म तरी कोणता, असा रोकडा प्रश्न तिने विचारला होता. दलित स्त्रीच्या लेखनाचा मराठीतला हा आरंभकाळचा दस्तऐवज आज आपल्या हाती आहे, तो एका ख्रिस्ती नियतकालिकाने त्याला जागा दिली म्हणून.

१२.
दोनच वर्षांनी, १८५७ साली, बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतले जाते. बेळगावात जन्मलेल्या बाबांनी १८५४ साली बाप्तिस्मा घेतला होता. कादंबरीचा विषय होता हिंदू विधवांची दुःस्थिती. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालचा, म्हणजे अवघ्या वर्षभरापूर्वीचा. वाचकाला धर्मांतराकडे वळवण्याचा हेतू कादंबरीत स्पष्ट दिसतो. तितकीच स्पष्ट दिसते केशवपन झालेल्या बायकांच्या रोजच्या जगण्याची नोंद.

१३.
आता संमेलनाकडे वळू. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने १८७८ साली पुण्यात पहिली मराठी ग्रंथकार सभा भरली. हाच पुढच्या साहित्य संमेलनांचा उगम. दुसरी सभा १८८५ साली पुण्यातच झाली आणि तिचे निमंत्रण जोतीराव फुल्यांना गेले. जोतीरावांनी ते नाकारले.

१४.
नकाराचे कारण त्यांनी पत्रात लिहून कळवले. त्याचा आशय असा : जे लोक सर्व माणसांच्या मानवी हक्कांचा विचार करत नाहीत आणि ते हक्क ज्याचे त्याला राजीखुशीने देत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि त्यांच्या पुस्तकांतल्या भावार्थाशी आमच्या सभा आणि पुस्तके जुळू शकत नाहीत. शूद्रातिशूद्रांनी काय सोसले, हे गादीवर बसून लिहिणाऱ्यांना कसे कळावे, हा त्यामागचा सवाल होता.

१५.
हे पत्र ११ जून १८८५ रोजी प्रसिद्ध झाले. कुठे? ‘ज्ञानोदय’मध्ये. मराठी साहित्यिकांच्या सभेवरचा पहिला मोठा आक्षेप एका ख्रिस्ती नियतकालिकाच्या पानांवर नोंदला गेला. सभा कोणाची आहे आणि तिच्यात कोणाला जागा आहे, हा प्रश्न त्या दिवशी विचारला गेला आणि पुढच्या प्रत्येक पिढीने तो आपापल्या शब्दांत पुन्हा मांडला.

१६.
फुल्यांनी केवळ नकार दिला असे नाही. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ात त्यांनी एका कुटुंबाची कल्पना मांडली. त्या घरातली पत्नी बौद्ध होईल, पती ख्रिस्ती होईल, मुलगी मुसलमान होईल आणि मुलगा सत्यधर्मी होईल. तरीही सगळे एकमेकांचा द्वेष न करता एका छपराखाली प्रेमाने नांदतील. धर्म हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा विषय, हे सांगायला त्यांनी रोजच्या घरातले उदाहरण निवडले.

१७.
त्याच काळातल्या पंडिता रमाबाई. संस्कृतच्या या विदुषीने १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले आणि पुढे दुष्काळात निराधार झालेल्या मुली-बायकांना केडगावच्या मुक्ती सदनात आसरा दिला. आयुष्याच्या अखेरच्या काळात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले, कमी शिकलेल्या बाईलाही ते वाचता यावे म्हणून. छपाईचे काम मुक्ती सदनातल्या स्त्रियांनीच केले. धर्मांतरामुळे पुण्यातले अनेक समर्थक त्यांना दुरावले होते. १९२२ साली त्यांचे निधन झाले.

१८.
रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. अहमदनगर परिसरात काम करताना त्यांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग, भजन आणि कीर्तन आणले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भूमिका होती. त्यामुळे खेड्यातल्या ख्रिस्ती माणसाच्या ओठी परक्या चालीच्या गीतांबरोबर आपल्या मातीतले अभंग आले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

१९.
लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३० च्या दशकात प्रसिद्ध झाली. पतीने धर्म बदलला तेव्हा या बाईवर आकाश कोसळले. पुढे त्या पतीकडे परतल्या, पण सोवळेओवळे काही काळ सुटले नाही. कोणाच्या हातचे पाणी प्यावे, कोणाच्या नाही, हा पेच रोजच्या स्वयंपाकघरात उभा राहत होता. विचार करता करता त्यांनी तो स्वतःच सोडवला आणि मग बाप्तिस्मा घेतला. जातीची भिंत घरातल्या पाण्याच्या भांड्यापाशी कशी उभी असते आणि कशी पडते, हे मराठीत इतक्या सहजपणे आणि इतक्या विनोदाने फार थोड्यांनी लिहिले आहे.

२०.
असे असूनही ख्रिस्ती मराठी साहित्याची एक वेगळी ओळ राहिली. ख्रिस्ती लेखकांची स्वतंत्र संमेलने भरू लागली. १९३३ साली नागपूरला भरलेल्या अशा संमेलनाच्या अध्यक्षा लक्ष्मीबाई होत्या. ‘स्मृतिचित्रे’ मराठी साहित्याचे लेणे ठरले आणि रेव्हरंड टिळकांच्या कविता पाठ्यपुस्तकांत आल्या. मात्र मुख्य संमेलनाच्या अध्यक्षपदी एकही ख्रिस्ती लेखक बसला नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १ टक्का आहे. संख्या लहान, आणि वसई व अहमदनगरसारखे काही भाग सोडले तर विखुरलेली.

२१.
इतरांनाही हे दार उशिराच उघडले. काही वर्षे ध्यानात ठेवण्याजोगी आहेत :
१८७८ – पहिली ग्रंथकार सभा
१९६१ – कुसुमावती देशपांडे, पहिल्या स्त्री अध्यक्ष, ग्वाल्हेर
१९८४ – शंकरराव खरात, पहिले दलित अध्यक्ष, जळगाव
१९९० – यू. म. पठाण, संतसाहित्याचे अभ्यासक, पुणे
२०२० – फ्रान्सिस दिब्रिटो, पहिले ख्रिस्ती अध्यक्ष, धाराशिव
फुल्यांच्या प्रश्नाला संमेलनाने दिलेली उत्तरे अशी हप्त्याहप्त्याने आली.

२२.
अध्यक्षपद हे मानाचे पद आहे. त्याला सत्ता नाही, निधी नाही. मात्र त्याला व्यासपीठ आहे. १९७५ साली आणीबाणी लागू असताना कऱ्हाडच्या संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी लेखनस्वातंत्र्याची बाजू निर्भयपणे मांडली आणि पुढे त्यांना अटक झाली. अध्यक्ष काय बोलतो याकडे महाराष्ट्राचे लक्ष असते, ते या परंपरेमुळे. म्हणून अध्यक्ष कोण होतो, याचेही राजकारण होते.

२३.
पूर्वी हजारएक मतदार अध्यक्ष निवडत आणि प्रचाराच्या धुळवडीला कंटाळून अनेक ज्येष्ठ लेखक उभेच राहत नसत. २०१८ साली साहित्य महामंडळाने निवडणूक बंद करून सन्मानाने अध्यक्ष निवडण्याची पद्धत स्वीकारली. या पद्धतीने पहिल्या अध्यक्ष झाल्या डॉ. अरुणा ढेरे, स्थळ यवतमाळ, जानेवारी २०१९. तिथेच पुढचा पेच उद्भवला.

२४.
यवतमाळच्या उद्घाटनासाठी इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावले होते. इंग्रजी लेखिका कशाला, असा आक्षेप घेत संमेलन उधळण्याची धमकी आली आणि आयोजकांनी निमंत्रण मागे घेतले. महाराष्ट्रभर संताप उसळला. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीच्या हस्ते उद्घाटन झाले. सहगल यांचे न झालेले भाषण मराठीत अनुवादित होऊन समाजमाध्यमांवर हातोहात फिरले आणि गावोगावी जाहीरपणे वाचले गेले. संमेलनाच्या मंडपाने नाकारलेला आवाज मोबाइलच्या पडद्यावरून घरोघरी पोहोचला.

२५.
त्याच वर्षी महामंडळाचे कार्यालय औरंगाबादला मराठवाडा साहित्य परिषदेकडे आले आणि कौतिकराव ठाले पाटील अध्यक्ष झाले. पुढचे संमेलन उस्मानाबादला ठरले. मराठवाडा हा स्वतःच मराठी साहित्यव्यवहाराच्या कडेला राहिलेला प्रदेश. १९४८ पर्यंत तो निजामाच्या राज्यात होता, जिथे उच्च शिक्षण उर्दूतून मिळे आणि मराठीसाठी शाळा, वाचनालये आणि परिषदा लोकांना स्वतः उभाराव्या लागल्या. दुष्काळ आणि शेतकरी आत्महत्या यांच्या बातम्यांत झळकणाऱ्या या जिल्ह्याला संमेलनाचा मान प्रथमच मिळत होता.

२६.
२२ सप्टेंबर २०१९ रोजी दिब्रिटो यांचे नाव एकमताने जाहीर झाले. ‘सुवार्ता’ या मासिकाचे ते १९८३ ते २००७ या काळात संपादक होते आणि चर्चचे हे मासिक त्यांनी मराठी वाचकांच्या व्यापक वर्तुळाशी जोडले. ‘तेजाची पाऊले’, ‘ओअॅसिसच्या शोधात’, इस्रायल-पॅलेस्टाईनवरचे ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’ ही त्यांची पुस्तके. बायबलचा त्यांचा अनुवाद ‘सुबोध बायबल’ या नावाने प्रसिद्ध झाला आणि त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. रमाबाईंनी ज्या वाटेवर पाऊल टाकले होते, त्याच वाटेवरचे हे काम.

२७.
लेखनाबरोबरच त्यांची ओळख होती ‘हरित वसई संरक्षण समिती’ची. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईचे बांधकाम वसईकडे सरकू लागले. शेतजमिनींवर बिल्डरांची नजर पडली आणि विहिरींचे पाणी टँकरने शहराकडे जाऊ लागले. त्यामागे गुंडगिरीची दहशतही होती. दिब्रिटो यांनी सर्व धर्मांच्या शेतकऱ्यांना एकत्र करून त्याविरुद्ध लढा उभारला. पाद्र्याचे काम प्रार्थनेपुरते, असे मानणाऱ्यांना वसईच्या रस्त्यांवर त्याचे वेगळे रूप दिसले. पाणी जमिनीतून उपसले जाते तेव्हा वसईत काय होते आणि ते मुळातच नसते तेव्हा धाराशिवात काय होते, हे दोन टोकांचे अनुभव या संमेलनात समोरासमोर येणार होते.

२८.
निवडीवरचे आक्षेप दोन प्रकारचे होते. पहिला वाङ्मयीन : याहून मोठे लेखक वाट पाहत असताना हे नाव का? असा प्रश्न जवळजवळ प्रत्येक अध्यक्षाबाबत विचारला जातो आणि तो विचारण्याचा वाचकाला पूर्ण अधिकार आहे. दुसरा आक्षेप धर्माचा : एका ख्रिस्ती धर्मगुरूला, म्हणजे धर्मप्रसार हे ज्याचे व्रत आहे त्याला, मराठी सारस्वताचे अध्यक्षपद का द्यावे? काही संघटनांनी हा दुसरा आक्षेप जाहीरपणे घेतला.

२९.
हे दोन आक्षेप एकमेकांत मिसळले की गोंधळ होतो. पहिल्याचे उत्तर पुस्तके वाचून मिळते. दुसऱ्याचे उत्तर पुस्तकांत मिळू शकत नाही, कारण तो माणसाच्या जन्माशी आणि श्रद्धेशी जोडलेला आहे. तोच नियम मागे लावला, तर ‘ख्रिस्तपुराण’, ‘यमुनापर्यटन’ आणि ‘स्मृतिचित्रे’ मराठीच्या खात्यातून वगळावी लागतील. पंडिता रमाबाई आणि रेव्हरंड टिळकही परके ठरतील. त्यांनी श्रद्धा लपवून मराठीची सेवा केली नव्हती. ती उघडपणे सांगूनच ते मराठीत लिहीत होते.

३०.
विरोधाचे मोठे मैदान होते समाजमाध्यमे. निवड जाहीर झाल्यापासून टीकेचा आणि उपहासाचा ओघ सुरू झाला. महामंडळाच्या पदाधिकाऱ्यांना विरोधाचे आणि धमकीचे दूरध्वनी आले. उद्घाटक ज्येष्ठ कवी ना. धों. महानोर यांनी संमेलनाला जाऊ नये, असे सांगणारी पत्रे त्यांच्यापर्यंत गेली. १८८५ साली आक्षेप छापायला एक नियतकालिक लागले होते; २०१९ साली प्रत्येक खिशात छापखाना होता. त्यातून मुक्ता साळवेसारखा प्रश्नही उमटू शकतो आणि निनावी धमकीही.

३१.
यवतमाळची जखम ताजी होती. एक वर्षापूर्वी माघार घेतल्याने संमेलनाची काय अवस्था झाली, हे सगळ्यांनी पाहिले होते. या वेळी महामंडळ ठाम राहिले. स्थानिक आयोजकांनी निमंत्रण मागे घेतले नाही. महानोर, जे स्वतः मराठवाड्याच्या मातीतले कवी, विरोधाला न जुमानता धाराशिवला पोहोचले. पोलीस बंदोबस्तात का होईना, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या अध्यक्षासह संमेलन सुरू झाले.

३२.
दिब्रिटो यांना पाठीचे दुखणे असह्य होते. ते चाकाच्या खुर्चीवरून मंडपात आले. भाषणात त्यांनी संतपरंपरेचे ऋण मानले, मराठीच्या भवितव्याची काळजी मांडली, पर्यावरणाविषयी सांगितले आणि धर्मांधतेवर स्पष्ट टीका केली. पाचच दिवसांपूर्वी, ५ जानेवारीला, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विद्यार्थ्यांवर हल्ला झाला होता. अशा वेळी साहित्यिकाने गप्प राहू नये, ही त्यांची भूमिका होती. प्रकृती बिघडल्याने त्यांना उपचारांसाठी मुंबईला परतावे लागले आणि उरलेले संमेलन अध्यक्षाविना पार पडले.

३३.
या संमेलनाने सगळे प्रश्न सुटले, असे म्हणता येत नाही. एका धर्मगुरूला मान मिळाल्याने अहमदनगर किंवा मराठवाड्यातल्या दलित ख्रिस्ती कुटुंबांचे प्रश्न संपले नाहीत. अनुसूचित जातींच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला त्या सवलती मिळत नाहीत, आणि तो वाद आजही न्यायालयात आणि आयोगांपुढे आहे. मुक्ता साळवेचा प्रश्न अशा रीतीने नव्या रूपात शिल्लक आहे.

३४.
तरीही तीन दिवसांच्या त्या संमेलनाने एक दाखला घालून दिला. धमकी आली म्हणून निमंत्रण मागे घेणे हा एकमेव मार्ग नसतो, हे एका लहान, दुष्काळी जिल्ह्याच्या गावाने दाखवले. यवतमाळ आणि धाराशिव ही दोन संमेलने अवघ्या एका वर्षाच्या अंतराने झाली. संस्था तीच, दबाव साधारण त्याच प्रकारचा, निर्णय मात्र निराळे. संस्थांचे धैर्य हे अखेर त्या त्या वेळी खुर्चीत बसलेल्या माणसांच्या निर्णयावर ठरते, हे ध्यानात घेण्यासाठी इतिहासाच्या अभ्यासकाला ही जोडी एकत्र वाचणे उपयोगाचे आहे.

३५.
महानोर ऑगस्ट २०२३ मध्ये गेले. त्याच वर्षी उस्मानाबादचे धाराशिव झाले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे २५ जुलै २०२४ रोजी वसईत निधन झाले. ‘नाही मी एकला’ हे त्यांचे आत्मकथन, लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’, मुक्ता साळवेचा निबंध आणि फुल्यांचे १८८५ चे पत्र ही चारही सहज मिळणारी वाचने आहेत. ज्यांना हा इतिहास पुढे वाचायचा आहे, त्यांनी पत्रापासून सुरुवात करावी. ते अगदी लहान आहे.

(समाप्त)